चौघींपैकी तिघी

तुम्ही बोलूच नका हो, उगाच नुसती हवा जाते. मला कळलं. घड्याळ दाखवताय ना? दिसतंय. माझंच आहे ते, टेलिफोन एक्स्चेंजवाल्यांनी निरोप देताना दिलेलं — एकतीस वर्षं नोकरी केली आणि हातात काय आलं, तर घड्याळ, ते पण चार मिनिटं पुढे. म्हणजे त्यात बाराला दहा कमी आहेत तर खरे चौदा कमी आहेत, म्हणजे तुमची चार मिनिटं वाचलीच की! बसा. स्टूल जरा डुगडुगतं, भिंतीला टेकून बसा. आणि तो रुमाल कशाला तोंडावर? दातांच्या लॅबमध्ये बिनदातांच्या माणसाला कसली आलीय लाज, इथे दात असलेला माणूसच परका वाटतो. बरं, राहू द्या. धरायचा तर धरा.

तुमचा लिलाव साडेतीनला आहे, मला माहितीय, सकाळपासून आतून चार वेळा ऐकलंय. जुन्या हॉटेलचं सामान — दोनशे खुर्च्या, आरसे, एक पियानो — आणि पुकारणारे तुम्ही. आणि काल तुम्ही कवळी काढून खुर्चीवर ठेवलीत आणि स्वतःच तिच्यावर बसलात. माणसानं दोनशे खुर्च्या विकाव्यात आणि स्वतःच्या एका खुर्चीकडे बघू नये! — नाही, हसत नाहीये मी. खोकला आहे. तर गणित असं आहे, की आतल्या मशीनला तुमची कवळी कोरायला लागतात दोन तास, मग घासणं, चमकवणं, तोंडात बसवून बघणं, म्हणजे साडेबाराच्या आत मशीन सुरू झालं पाहिजे. मशीनला हवी तुमच्या जबड्याची फाइल. दोन वर्षांपूर्वीचं माप आहे तुमचं, जपून ठेवलेलं. कुठे? या कंप्युटरच्या डब्यात. इथे, काउंटरखाली, पूर्वी इथे आम्ही चपला ठेवायचो. अकरा हजार माणसांचे जबडे आहेत या चपलांच्या कप्प्यात. आणि सकाळी वीज गेल्यापासून डबा उठत नाहीये. उठेल! उठेल हो, असे डोळे मोठे करू नका. नवीन माप घ्यायचं म्हटलं तर कवळीला तीन दिवस लागतात, म्हणून हा उठणारच, त्याला दुसरा इलाजच नाही.

आता तुम्ही म्हणाल — म्हणजे म्हणता आलं असतं तर म्हणाला असतात — की बटण दाबलं की कंप्युटर सुरू होतो, त्यात एवढं काय? अहो तेच तर! लोकांना वाटतं बटण दाबलं की झालं. आत चार डिस्का आहेत. एक नाही, चार. आणि कुठलीच फाइल एकीवर अख्खी नाही. तुमचा वरचा जबडा थोडा हिच्यावर, थोडा तिच्यावर, थोडा आणखी तिसरीवर, आणि शिवाय एक ताळा, शाळेत गणिताचा ताळा करून बघायचो ना, तसा — तो पण फिरता, कधी एकीकडे तर कधी दुसरीकडे. त्या ताळ्यानं काय होतं, की चौघींपैकी कुठलीही एक गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिच्याकडचं सगळं जसंच्या तसं सांगू शकतात. याला रेड म्हणतात. वेगळं मशीन लागत नाही, वेगळं कार्ड लागत नाही, लिनक्स म्हणून आतली सिस्टिम आहे, ती स्वतःच चौघींची मोट बांधते. फक्त काय आहे, ही मोट प्रत्येक वेळी नव्यानं बांधायला लागते. वीज गेली की चौघी चार दिशांना. पुन्हा बटण दाबलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून, तू कोण, तू कोण.

आणि गंमत बघा. ही मोट बांधणारी सिस्टिम ठेवलीय कुठे? त्याच चार डिस्कांवर! कपाटाची किल्ली कपाटात. मग उघडणार कसं? तर त्यासाठी हा एवढासा पेनड्राइव्ह, हा बघा मागे खोचलाय. यात लिनक्सचा एक छोटासा तुकडा असतो, एक पुडी म्हणा, ती आधी उठते आणि बाकीच्यांना उठवते. घरात एक जण असतोच ना लवकर उठणारा. आमच्याकडे तो मी. मी पाचला उठून चहा करतो आणि ही सातला उठून म्हणते, चहा गार झालाय. जगात पुडीची किंमत कोणाला नसते.

तर ती पुडी हाका मारायला लागते. डिस्का काही एकदम जाग्या होत नाहीत, एक आधी गरगरते, मग दुसरी, एखादीचं आळोखेपिळोखे देणंच संपत नाही. जी उठेल तिची चिठ्ठी वाचायची. प्रत्येक डिस्कवर एक चिठ्ठी लिहिलेली असते हो, आमच्याकडे जुनी पद्धत, डिस्कच्या पार शेवटच्या टोकाला — माझा घात त्या शेवटच्या टोकानंच केला — म्हणजे, घात असा नाही, बोलायची पद्धत आपली. चिठ्ठीत काय? मी अमक्या घरची, घराचा नंबर हा असा लांबलचक, आम्ही एकूण चौघी, त्यात मी दुसरी. एवढंच. वायरी उलटसुलट लावा, पहिलीच्या जागी चौथी ठोका, काही बिघडत नाही. ती कुठे बसलीय ते कोणी विचारतच नाही, ती कोण आहे ते विचारतात. मला हे फार आवडतं. एकतीस वर्षांत मला ऑफिसात कोणी विचारलं नाही की तू कोण, सगळे विचारायचे, तू कुठे बसतोस.

आणि परक्याला पण बरोबर ओळखतो हं डबा. माझे साडू आहेत, फार मोठे गृहस्थ, म्हणजे त्यांच्या मते. त्यांच्या ऑफिसातल्या दोन डिस्का एकदा याला लावून दिल्या होत्या मी, त्यांचंच काहीतरी अडलं होतं. यानं चिठ्ठ्या वाचल्या, बघितलं की घर वेगळं, गाव वेगळं. हाकलून नाही दिलं, घेतलं आत, पण नाव काय दिलं? एकशे सत्तावीस! घरच्यांचं नाव शून्य, आणि पाहुण्यांचा नंबर पार मागून, एकशे सत्तावीस. मी साडूंना बोलावून स्क्रीनवर दाखवलं. तीन महिने बोलले नाहीत माझ्याशी. काय सुखाचे दिवस होते ते.

काय गं? — हो, होतंय! — नाही, त्यांना काही त्रास नाही, गप्पा मारतोय आम्ही! — किती वेळ म्हणजे, होईल आता! — ही आमची मालकीणबाई. बायको माझी. लॅब तिची, हात तिचे, बाहेरच्या पाटीवर नाव तिचं. मी आपला या डब्याचा.

या, इकडे सरका, दाखवतो तुम्हाला. हे बघा, पहिली आली. दुसरी आली. तिसरी आली. चौथी — ती बघा, तिची ओळच नाही. आता तो थांबतो. अर्धं मिनिट वाट बघतो, झोपाळू असेल, येईल. अर्धं मिनिट झालं की म्हणतो, आता आल्यात त्यांच्यावर भागवू. चौघींपैकी तिघी चालतात, सांगितलं ना मी. मग तुम्ही म्हणाल, पहिली दुसरी तिसरी, झाल्या की तिघी, मग अडलंय कुठे? बरोबर विचारलंत. म्हणजे भुवया वर केल्यात. लिलाववाल्याची नजर, लगेच मोजलंत! तर ही तिसरीच्या पुढची ओळ वाचा. इंग्रजीत आहे, अर्थ असा की, ही ताजी नाही, हिला लाथ मारून बाहेर काढतोय. लाथच. मी डिक्शनरीत बघितलं. एवढं शिकलेलं लिनक्स, पण तोंडाला काही वळण नाही.

कशी कळली ताजी नाही ते? चिठ्ठीत आणखी एक आकडा असतो. घरात काही घडलं, काही लिहिलं गेलं, मोट बांधली, सोडली, की सगळ्यांच्या चिठ्ठीतला आकडा पुढे सरकतो. हे बघा, पहिली आणि दुसरी, दोघींचा आकडा बेचाळीस हजार सहाशे अकरा. तिसरीचा एकेचाळीस हजार नऊशे दोन. म्हणजे मधल्या सातशे नऊ गोष्टी घडल्या तेव्हा बाईसाहेब घरात नव्हत्या. नंबर बरोबर, घर बरोबर, पण जे सांगेल ते सगळं जुनं. मग कोण घेईल तिला?

कुठे होती म्हणजे — आजारी होती. होतं असं डिस्कांना. — असं बघू नका हो. बरं, तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही थोडेच कोणाला सांगणार आहात, निदान साडेतीनपर्यंत तरी. वर होती. वर म्हणजे वर नाही गेली, वर आमच्या घरी होती, जिन्यानं वर, माझ्या टेबलावर. सात आठवडे. मीच नेली होती. आता सांगा, चौघींपैकी तिघींत काम भागतं, लॅब चालू, जबडे चालू, हिला कशाचा पत्ता नाही, मग चौथ्या माणसानं नुसतं बसून काय करायचं? मला दिसायची हो ती, दिवा लुकलुकतोय, काम तिघींचं आणि ऐट चौघींची. आणि मला तेव्हा जागा हवी होती. खूप जागा हवी होती. नवीन डिस्क मागायची म्हणजे हिला कारण सांगायला लागलं असतं, आणि कारण सांगितलं की सगळी मजाच गेली.

कारण काय — आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. मी म्हटलं, फिल्म करू या. सगळे जुने फोटो काढले, ट्रंकेतले, तिच्या माहेरचे, दोन हजार एकशे फोटो, एकेक स्कॅनरवर ठेवून, पुसून, सुरकुत्या काढून — फोटोच्या हो, आमच्या नाही. समुद्रावरचे, भाड्याच्या पहिल्या खोलीतले, हिनं पहिली कवळी केली ती हातात धरलेला एक, बाळ धरावं तशी धरलीय. खाली संगीत. बावन्न मिनिटांची फिल्म झाली. रविवारी दुपारी पडदे ओढले, तिला म्हटलं, बस. बसली. सातव्या मिनिटाला झोपली. — नाही, तिचं काही चुकलं नाही हो, आठवडाभर अकरा अकरा तास उभी असते ती त्या मशीनपाशी. तोंड उघडं टाकून झोपली. मी आवाज कमी केला आणि उरलेली पंचेचाळीस मिनिटं एकट्यानं बघितली. चांगली झालीय फिल्म. खरंच चांगली झालीय. उठल्यावर म्हणाली, छान होती, परत बघू कधीतरी. मी म्हटलं, बघू.

मग परवा डिस्क गुपचूप परत आणून खोचली. आता नीट करायचं तर लिनक्सला सांगायला लागतं की बाबा ही आली, हिला कोरी समज, तिघींना विचारून विचारून हिच्यावर सगळं नव्यानं लिही. त्याला लागतात नऊ तास, आणि मशीन मंद चालतं, म्हणजे ही विचारणार, काय झालं, मंद का? म्हणून मी म्हटलं, रविवारी करू, लॅब बंद असते. तोवर नुसती खोचून ठेवू, दिवा लागला म्हणजे झालं. आणि खोचताना इथे जागा किती आहे बघताय ना, चपलांचा कप्पा, कोपर बसला माझा चौथीला. तेव्हा काही वाटलं नाही, डबा चालूच राहिला, पण तिची कुठलीतरी वायर अर्धी सुटली असणार, आणि आज वीज गेली आणि आली, ती काही उठली नाही. म्हणजे एक शिळी आणि एक मुकी. उरल्या दोघी. दोघींत नाही भागत.

आणि तिसरीचं आणखी एक आहे. फोटो ठेवायचे म्हणून मी ती वर फॉरमॅट केली होती. म्हणजे पुसली. मला वाटलं, पुसली म्हणजे पुसली! पण चिठ्ठी पार शेवटच्या टोकाला, तिथपर्यंत पुसणं पोचलंच नाही. म्हणजे पोटात भरलेत आमचे फोटो आणि शेपटाला अजून चिठ्ठी — मी तिसरी, मी जबडेवाली. खोटं बोलत नाहीये हो ती, तिला बिचारीला माहितीच नाही तिच्या पोटात काय आहे.

थांबा, ही वायर पुन्हा काढून लावतो. मोबाइलचा टॉर्च धरता? हां, खाली. आणखी खाली. नाकात नको माझ्या. — बसली. आता बटण. — पहिली. दुसरी. तिसरी आली, लाथ, बाहेर. चौथी… चौथी… ये बाई, ये. — नाही. ही सातवी वेळ. तुम्ही यायच्या आधी चार वेळा केलं मी हे. पिनच वाकलीय बहुतेक. किती वाजले? बारा वाजून पाच, म्हणजे खरं बारा वाजून एक. आहेत, अजून एकोणतीस मिनिटं आहेत.

पोनीटेलवाल्याला बोलावलं तर? — हा प्रश्न तुम्ही नाही विचारलात, मीच विचारला. कोपऱ्यावर कंप्युटरचं दुकान आहे त्याचं. केसांची पोनी बांधतो, वय असेल तीस, मला काका म्हणतो. मागे हिनं त्याला चहाला बोलावलं होतं, त्यानं डबा बघितला, तोंडातलं बिस्किट न संपवता म्हणाला, काका, रेड म्हणजे बॅकअप नाही हां, अख्खी प्रत वेगळी ठेवायला लागते. हिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चार डिस्का आहेत, एक गेली तरी काही होत नाही, आणखी कसला बॅकअप? तो हसला. ही हसली नाही, हे मात्र मी सांगतो, ही हसली नाही. म्हणाली, बाहेरच्या माणसाला देऊ या का हे काम, तुम्हाला किती त्रास. मी म्हटलं, मी आहे ना! असा आवाज चढला माझा की आत कोणाची तरी कवळी पडली. तेव्हापासून विषय नाही काढला तिनं.

आता तुम्ही लिलाव पुकारता, म्हणजे तुम्हाला कळेल. तुमचा आवाज गेला तर तुम्ही त्या हॉटेलात कोण? एक जास्तीची खुर्ची. बरोबर? मला घरी पाठवलं तेव्हा एक्स्चेंजमधलं आमचं अख्खं दालन एका कपाटात मावलं होतं. कपाटाला माणूस लागत नाही म्हणाले. घरी आलो तर घरात लॅब, लॅबमध्ये ही आणि तिच्या दोन मदतनीस मुली, सगळ्यांना सगळं येतं. मी प्लास्टर कालवलं, गाठी झाल्या. मेण वितळवलं, जळलं. गिऱ्हाइकांशी बोलायला बसवलं, तर म्हणाले, हे फार बोलतात. — तुम्हाला वाटतं का असं? मान हलवू नका, राहू द्या. मग हा डबा आला. मी रात्रंदिवस पुस्तकं वाचून मोट बांधायला शिकलो, साठीच्या उंबरठ्यावर हो! या लॅबमध्ये एकच गोष्ट आहे जी मला येते आणि हिला येत नाही. आज तो पोनीटेलवाला इथे आला, तिसरीचे फोटो बघितले, चौथीवर कोपर कोणाचा ते बघितलं, की ही एक शब्द बोलणार नाही, पण किल्ली त्याच्याकडे जाईल. मग मी काय, पाच वाजता उठून चहा करायचा आणि दिवसभर काय?

एक उपाय आहे. बोलू नये, पण आहे. एक शब्द आहे, फोर्स. तो लिहिला की लिनक्स म्हणतं, बरं, तुम्ही म्हणता तर ही शिळी ताजी. तिच्या चिठ्ठीतला आकडा पुढे सरकवतं आणि घेतं आत. तिघी होतात. मोट बांधली जाते. स्क्रीनवर सगळं हिरवं. — हो, पण ऐका, टाळ्या वाजवू नका. तिच्या पोटात फोटो आहेत ना! कोणाचाही जबडा काढला की दोन तुकडे जबडा आणि तिसरा तुकडा आमचा समुद्रकिनारा. तुमच्या कवळीत ऐन दाढेच्या जागी माझी सासू निघायची. अकरा हजार माणसं. सगळ्यांची फाइल थोडी थोडी बिघडणार, आणि एकदा काही लिहिलं गेलं की मागे येणं नाही. पण — हे पण ऐका — एखादी लहान फाइल दोघींवरच मावलेली असू शकते. असू शकते ना? तुमचा जबडा लहान आहे. दिसतोच आहे. कदाचित तुमचा नीट निघेल. आणि उरलेल्यांचं — उरलेले काही आज येणार नाहीयेत. रविवारपर्यंत करीन मी काहीतरी. निदान ही आज बाहेर येऊन बघेल तर सगळं हिरवं दिसेल.

तुम्ही काय म्हणता? — घड्याळ. बरं. घड्याळच दाखवणार तुम्ही, तुमची पोटापाण्याची बाब आहे. लिहितो. हे बघा, लिहिलं. फक्त लिहिलंय हं, एंटर नाही दाबलं. एंटर म्हणजे केवढं बटण, नाही? आंधळ्यालाही सापडावं असं करून ठेवलंय. माझी आई म्हणायची, चोरी करायला धाडस लागत नाही, सांगायला लागतं. तिला कंप्युटर माहिती नव्हता, पण — जाऊ दे. एक… मी तीनपर्यंत मोजतो, तुमच्यासारखं, एक वार, दोन वार —

थांबा.

हा कसला आवाज?

नाही, डबा नाही, डबा गप्प आहे. आतून येतोय. हा आवाज मला झोपेत पण कळेल, हे मशीन आहे. कोरायचं मशीन. फिरतंय. ठोकळ्यावर टेकलं — ऐकलंत? कोरतंय ते. पण मी तर काही — फाइल आली कुठून? डबा बंद आहे. ही बघा स्क्रीन, दोघीच आहेत, मोट बांधलेलीच नाही, माझं बोट अजून एंटरच्या वर आहे. तुमचा जबडा या डब्यात आहे आणि डबा बंद आहे, आणि आत तुमचा जबडा कोरला जातोय.

म्हणजे दुसरीकडे पण आहे.

म्हणजे आत, तिच्याकडे, कुठेतरी एक अख्खी प्रत — शुक्रवार. दर शुक्रवारी संध्याकाळी ही मला भाजीला पाठवते. कोपऱ्यावर दोन भाजीवाले आहेत, पण मला पाठवते पार पुलापलीकडच्या मंडईत, तिथले टोमॅटो म्हणे घट्ट असतात. जाऊन यायला दीड तास. आणि परवा त्या पोनीटेलवाल्याच्या दुकानावरून आलो तर मला म्हणाला, काका, टोमॅटो मिळाले का? मी म्हटलं, याला कसं कळलं. दोन वर्षं हो. दोन वर्षं मी टोमॅटो आणतोय आणि तो इथे येऊन प्रत काढतोय.

आणि मग सकाळपासून ही मला आतून विचारतेय, झालं का, होतंय का, चार वेळा — सकाळीच काढता आली असती की फाइल तिला. थांबली होती. माझ्यासाठी थांबली होती ती, अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत, आणि मग तुमच्या लिलावाचा विचार करून — मला राग यायला हवा ना? आलाय. थोडा आलाय. तो रुमाल द्या जरा. नको, तुमचा नको.

काय गं? — काय? — फाइल आली?

— हो! हो, मीच पाठवली. आत्ताच उठला डबा. — वायर, अगं वायर सुटली होती एक! — नाही, काही विशेष नाही, येतं मला ते! — काय म्हणालीस? — ऐकू नाही आलं मशीनमध्ये, परत म्हण! — मी होतो म्हणून झालं? — हो. हो, मी आहेच ना.

ऐकलंत काय म्हणाली ती? नीट ऐकलंत? जाऊ दे, तुम्हाला नव्हतं म्हटलेलं. — हे मी पुसतोय, फोर्स, एकेक अक्षर, हे बघा, गेलं. कोणी लिहिलंच नव्हतं. आणि तुम्ही आता जा आत. ती माप बघेल तुमचं, मान मागे टाकायला सांगेल, टाका. दात बसले की पहिलं वाक्य काय बोलाल ते लिलावाचं बोला, कप्प्यातलं नको. आणि जाताना ते दार ओढून घ्या, प्रकाश येतो स्क्रीनवर. जा हो. मला काम आहे.